त्यांच्या पश्चात तिची पेन्शन

व्हाइटफील्डमधल्या कुठल्याही मोठ्या गृहसंकुलात सकाळी चक्कर मारा, बागेतल्या बाकांवर मराठी बोलणे कानावर पडतेच. कुणी साताऱ्याच्या, कुणी नागपूरच्या, कुणी बेळगावच्या. मुलगा किंवा लेक-जावई आय.टी. कंपनीत, नातवंडे शाळेत, आणि आजी इकडे. म्हैसूरच्या महाराजांनी १८८२ साली अँग्लो-इंडियन समाजाच्या वसाहतीसाठी सुमारे चार हजार एकर जमीन दिली आणि डी. एस. व्हाइट यांच्या नावाने हे गाव वसले. त्या शांत गावाचे आता उंच इमारतींचे शहर झाले आहे. २०२३ साली मेट्रोही इथवर पोहोचली.

या आज्यांपैकी अनेकजणी यजमान गेल्यावर इथे आल्या आहेत. दिवसकार्य उरकले की मुलगा म्हणतो, "आई, आता एकटी राहू नकोस, आमच्याकडेच चल." गावाकडच्या घराला कुलूप लागते. दोन बॅगा, देव्हाऱ्यातले देव आणि औषधांचा डबा घेऊन आई बंगळुरूला येते. मागे राहते ती एक फाइल. बाबांच्या पेन्शनचे कागद, बँकेचे पासबुक आणि ट्रेझरीची पत्रे असलेली. ती फाइल कुणी उघडायची, आत काय आहे आणि त्यातून आईला काय मिळायला हवे, याचा पत्ता घरात बहुधा कुणालाच नसतो. बाबांनी तो व्यवहार कधी कुणाला सांगितलेला नसतो आणि आईने कधी विचारलेला नसतो.

खरे तर ही फाइल म्हणजे तिच्या उरलेल्या आयुष्याची शिदोरी आहे. सरकारी नोकर किंवा पेन्शनर गेल्यावर त्याच्या पत्नीला, आणि नोकरी पत्नीची असेल तर पतीला, जी रक्कम दरमहा मिळते तिला कुटुंब निवृत्तिवेतन म्हणतात. बोलीभाषेत आपण तिला फॅमिली पेन्शन म्हणतो. तिचे नियम किचकट वाटले तरी एकदा समजून घेतले की पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

दान नव्हे, हक्क

चाकरीत कामी आलेल्या माणसाच्या घरच्यांना सांभाळावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी मराठी राज्यात जी नेमणूक करून दिली जाई, तिला 'बालपरवेशी' असे नाव होते. पण ती राज्यकर्त्याच्या मर्जीवर असे. आजची फॅमिली पेन्शन कायद्याच्या नियमांवर उभी आहे.

केंद्र सरकारची कुटुंब निवृत्तिवेतन योजना १ जानेवारी १९६४ पासून लागू झाली. त्याआधीची मदत मर्यादित वर्षांपुरतीच असे. सुरुवातीला या योजनेसाठी कर्मचाऱ्याला आपल्या ग्रॅच्युइटीतून सुमारे दोन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम सोडावी लागे. ती अट १९७७ साली गेली. पण १९६४ पूर्वीच्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या विधवांचे काय? त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ साली त्यांनाही हा लाभ मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचे फळ आहे, हे याच न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा यांच्या खटल्यात ठामपणे सांगितले होते. म्हणूनच १७ डिसेंबर हा दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

परदेशातही ही जाण हळूहळूच आली. ब्रिटनमध्ये विधवा आणि अनाथ मुलांसाठी पेन्शनचा कायदा १९२५ साली झाला. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत मागे राहिलेल्या पत्नीची तरतूद १९३९ साली आली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या निवृत्ती योजनांत मात्र आजही कर्मचाऱ्याला निवृत्त होतानाच निवड करावी लागते. आपल्या पश्चात जोडीदाराला पेन्शन हवी असेल, तर स्वतःची पेन्शन थोडी कमी घ्यायची. आपल्याकडे सरकारी पेन्शनरला अशी किंमत मोजावी लागत नाही. जोडीदाराचा हक्क नियमानेच ठरलेला असतो.

किती मिळते?

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आता २०२१ चे पेन्शन नियम आहेत. त्यांनुसार फॅमिली पेन्शनचा साधा दर शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के आहे. १ जानेवारी २०१६ पासून ती दरमहा ९,००० रुपयांपेक्षा कमी असू शकत नाही. यावर महागाई वाढ वेगळी मिळते.

सुरुवातीची काही वर्षे मात्र वाढीव दराने, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के दराने रक्कम मिळते. कर्मचारी नोकरीत असतानाच गेला, तर हा वाढीव दर दहा वर्षे चालतो. निवृत्तीनंतर गेला, तर मृत्यूपासून सात वर्षे किंवा तो हयात असता तर त्याला ६७ वर्षे पूर्ण झाली असती त्या दिवसापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर. मात्र निवृत्तीनंतरची ही वाढीव रक्कम त्याला मंजूर झालेल्या पेन्शनपेक्षा जास्त नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गृहस्थांचा शेवटचा मूळ पगार ६०,००० रुपये होता. ते साठाव्या वर्षी निवृत्त झाले आणि ६३ व्या वर्षी गेले. त्यांच्या पत्नीला पहिली चार वर्षे दरमहा ३०,००० रुपये आणि त्यावर महागाई वाढ मिळेल. त्यानंतर मूळ रक्कम १८,००० रुपयांवर येईल. ही घट झाली की घरात एकच गोंधळ उडतो. "बँकेने पेन्शन कापली," असे वाटते. ते कापणे नसते, नियमच तसा आहे. उलट बँकेच्या नजरचुकीने जुनाच दर पुढे चालू राहिला, तर जादा गेलेली रक्कम नंतर वसूल होते आणि ते फार जड जाते. म्हणून वाढीव दर कोणत्या तारखेला संपतो, ते पेन्शनच्या आदेशात पाहून ठेवावे.

आणखी एक गैरसमज. यजमानांनी निवृत्त होताना पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले असतील, तर त्याची कपात फॅमिली पेन्शनमधून होत नाही. ती पूर्ण मिळते. तसेच पत्नीला स्वतःच्या नोकरीची पेन्शन असली, तरी तिला पतीची फॅमिली पेन्शनही मिळते. एक घेतली की दुसरी सोडावी लागते, हे खरे नाही.

वय वाढले की रक्कमही वाढते. वयाची ८० वर्षे पूर्ण झाल्यावर २० टक्के, ८५ नंतर ३०, ९० नंतर ४०, ९५ नंतर ५० आणि शंभरी गाठल्यावर १०० टक्के जादा पेन्शन मिळते. यासाठी आईची जन्मतारीख कागदोपत्री नोंदलेली हवी.

हे आकडे केंद्र सरकारचे आहेत. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू आहेत, तर कर्नाटकचे कुटुंब निवृत्तिवेतन नियम २००२ चे आहेत. चौकट सारखी असली तरी तपशील आपल्या राज्याच्या आदेशांतूनच पाहावा. सरकारी बँकांतल्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना मात्र पूर्वी फार तुटपुंजी फॅमिली पेन्शन मिळे आणि तिला ९,२८४ रुपयांची कमाल मर्यादा होती. २०२१ साली ती मर्यादा उठली आणि सरसकट ३० टक्के दर लागू झाला.

कारखाना आणि कंपनीतली नोकरी

यजमान खासगी कारखान्यात किंवा भविष्य निर्वाह निधी लागू असलेल्या उद्योगात असतील, तर त्यांना १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना लागू असते. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ती १९७१ च्या जुन्या कुटुंब पेन्शन योजनेच्या जागी आली. या योजनेतला सभासद पेन्शन घेत असताना गेला, तर पत्नीला त्याच्या निम्मी पेन्शन मिळते. सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम १,००० रुपये आहे. ती किती अपुरी आहे, हे वेगळे सांगायला नको. आईच्या पेन्शनबरोबर एका वेळी दोन मुलांना, २५ व्या वर्षापर्यंत, तिच्या पेन्शनच्या २५ टक्के प्रत्येकी मिळतात. त्यासाठी दहा-डी हा अर्ज भरावा लागतो.

व्हाइटफील्डसारख्या ठिकाणी हे तरुण कुटुंबांनीही ध्यानात घ्यायला हवे. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाला, तर केवळ एक महिन्याची वर्गणी जमा असली तरी विधवेला पेन्शनचा हक्क मिळतो. मात्र १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेले आणि १५,००० रुपयांहून अधिक पगार असलेले लोक या पेन्शन योजनेत येतच नाहीत. आय.टी. कंपन्यांतले बहुतेक तरुण याच गटातले. त्यांच्या पश्चात पत्नीला भविष्य निधीची जमा रक्कम आणि त्याला जोडलेल्या विम्याचे कमाल सात लाख रुपये मिळू शकतात, पण दरमहाची पेन्शन नाही. सासूबाईंना फॅमिली पेन्शन आहे आणि सूनबाईंना नाही, अशी स्थिती एकाच घरात असू शकते. तेव्हा सूनबाईंसाठी स्वतंत्र विमा आणि बचत यांचा विचार आजच व्हायला हवा.

नाव एक, कागद तीन

फॅमिली पेन्शन अडते ती बहुतेक वेळा पैशांवाचून नव्हे, नावावाचून. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत होती. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाई. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, यजमानांच्या सेवापुस्तकात सासरचे नाव आणि आधार कार्डावर तिसरेच काहीतरी. ती सून म्हणून नांदली, आई झाली, आजी झाली, तेव्हा कुणालाच अडचण आली नाही. पण ती विधवा झाली आणि काउंटरवरचा कारकून विचारतो, "या दोघी एकच, याचा पुरावा काय?"

हा पुरावा यजमान हयात असतानाच तयार करून ठेवणे सर्वांत सोपे. पेन्शन मंजुरीचा आदेश, ज्याला सगळे पी.पी.ओ. म्हणतात, त्यात पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आहे का, ते पाहावे. आधार, पॅन आणि बँक खाते यांच्याशी ते जुळते का, ते तपासावे. जुळत नसेल, तर विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात किंवा प्रतिज्ञापत्र जोडून कार्यालयाकडे दुरुस्ती मागावी. या कामाला यजमानांची एक सही पुरते. ते गेल्यावर याच कामाला महिने लागू शकतात.

पेन्शनचे खाते पती-पत्नीचे संयुक्त असेल तर फारच सोयीचे. केंद्र सरकारी पेन्शनरच्या पत्नीला त्याच खात्यात फॅमिली पेन्शन घेता येते. नवे खाते उघडायची गरज पडत नाही.

पहिल्या महिन्यात काय करावे?

घरात दुःख असताना पैशांचे काय काढायचे, असे वाटणे साहजिक आहे. पण काही गोष्टी लांबवू नयेत.

पहिली गोष्ट म्हणजे बँकेला आणि पेन्शन कार्यालयाला मृत्यूची बातमी कळवणे. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन पतीची असते. पत्नीची फॅमिली पेन्शन दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. बातमी न कळवता एटीएममधून पतीची पेन्शन काढत राहिले, तर ती पुढे परत करावी लागते.

दुसरी गोष्ट, मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवणे. पी.पी.ओ.मध्ये पत्नीचे नाव आधीच असेल, तर हा दाखला, तिच्या ओळखीचा व वयाचा पुरावा, अर्ज आणि जादा रक्कम आल्यास परत करण्याचे हमीपत्र, एवढ्यावर काम सुरू होते. वारस दाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढायची गरज सहसा पडत नाही.

तिसरी गोष्ट, पतीच्या पेन्शनची थकबाकी राहिली असेल तर तिचा वेगळा अर्ज करणे. त्यासाठी त्यांनी नामनिर्देशन केले होते का, ते फाइलमध्ये पाहावे.

महाराष्ट्र शासनाच्या पेन्शनरचा मूळ आदेश मुंबई किंवा नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाचा असतो आणि रक्कम जिल्हा कोषागारातून मंजूर होते. बंगळुरूला आल्यावरही पत्रव्यवहार त्याच कोषागाराशी करावा लागतो. म्हणून पी.पी.ओ. क्रमांक, कोषागाराचे नाव आणि बँक शाखा एका कागदावर लिहून मुलाच्या आणि मुलीच्या, दोघांच्याही घरी ठेवावे.

हयातीचा दाखला व्हाइटफील्डहून

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांसाठी ही सोय १ ऑक्टोबरपासूनच खुली होते. दाखला गेला नाही की पेन्शन थांबते. पूर्वी त्यासाठी म्हातारी माणसे रात्रीची गाडी पकडून गावी जात. आता तसे करायला नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' सेवेत आधारच्या आधारे दाखला कुठूनही देता येतो. २०२१ पासून तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही काम होते. धुणीभांडी आणि स्वयंपाक करून ज्या बोटांचे ठसे झिजले आहेत, त्या आज्यांना ही मोठीच सोय झाली. पोस्टमन घरी येऊनही हा दाखला करून देतो. भविष्य निधीच्या पेन्शनरांचा दाखला वर्षभरात केव्हाही देता येतो आणि तो बारा महिने चालतो. त्यांची पेन्शनही जानेवारी २०२५ पासून देशातल्या कुठल्याही बँक शाखेत मिळू शकते. गाव बदलले म्हणून कागद हलवावे लागत नाहीत.

सावधगिरी एकच. "तुमचा हयातीचा दाखला बाकी आहे, ओ.टी.पी. सांगा," असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. कोणतेही पेन्शन कार्यालय फोनवर ओ.टी.पी. विचारत नाही.

मुले, लेकी आणि पुनर्विवाह

फॅमिली पेन्शन ही मृत्युपत्राने वाटायची इस्टेट नाही. रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याने भावाच्या नावे मृत्युपत्र केले होते. तरीही पेन्शन विधवेचीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पहिली पत्नी हयात आणि विवाह कायम असताना केलेल्या दुसऱ्या विवाहातल्या पत्नीला हा हक्क मिळत नाही, पण तिच्या मुलांचा हक्क जात नाही, असे त्याच न्यायालयाने २००० साली बिहारच्या एका प्रकरणात सांगितले.

नागपूरचे एक प्रकरण तर प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. तिथले एक केंद्रीय कर्मचारी १९९३ साली निवृत्त झाले आणि १९९४ साली निपुत्रिक वारले. पत्नीने १९९६ साली मुलगा दत्तक घेतला आणि १९९८ साली पुनर्विवाह केला. पुढे त्या मुलाने फॅमिली पेन्शन मागितली. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. विधवेला दत्तक घेण्याचा अधिकार आहेच, पण पतीच्या मृत्यूनंतर घेतलेला दत्तक मुलगा पेन्शनच्या नियमांतल्या 'कुटुंबा'त बसत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

पुनर्विवाह केला की विधवेची पेन्शन थांबते, हा सर्वसाधारण नियम आहे. मुले असतील तर ती पुढे मुलांकडे जाते. केंद्राच्या नियमांत मात्र निपुत्रिक विधवेला पुनर्विवाहानंतरही पेन्शन मिळत राहते. अट एवढीच की तिचे इतर उत्पन्न किमान फॅमिली पेन्शन आणि त्यावरील महागाई वाढ यांपेक्षा कमी असावे. तरुण वयात हा प्रसंग ओढवलेल्या मुलीच्या आईवडिलांनी हे जरूर जाणून घ्यावे.

अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित लेक आईवडिलांवर अवलंबून असेल, तर दोघांच्या पश्चात तिलाही २५ वर्षांनंतर हा हक्क मिळू शकतो. घटस्फोटाचा दावा मात्र आईवडिलांपैकी कुणी हयात असताना दाखल झालेला हवा. अपंग अपत्य स्वतःचे पोट भरू शकत नसेल, तर त्याला आयुष्यभर पेन्शन मिळते. अशा मुलाचे नाव आपल्या हयातीतच पी.पी.ओ.मध्ये घालून घ्यावे. "आमच्या मागे याचे कसे होणार?" या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तिथे मिळते.

नव्या काळातली नोकरी

जानेवारी २००४ पासून केंद्रात, नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्रात आणि एप्रिल २००६ पासून कर्नाटकात नव्याने लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, राष्ट्रीय पेन्शन योजना आहे. पण असा केंद्रीय कर्मचारी सेवेत असताना गेला, तर कुटुंबाला जुन्या नियमांप्रमाणे फॅमिली पेन्शन घेण्याचा पर्याय आहे. महाराष्ट्रानेही २०२३ साली सेवेत असताना मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांसाठी तशी तरतूद केली. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने आणलेल्या एकीकृत पेन्शन योजनेत पेन्शनरच्या पश्चात जोडीदाराला त्याच्या पेन्शनच्या ६० टक्के रक्कम मिळते. नोकरदार मुलामुलींनी आपल्याला कोणती योजना लागू आहे, ते एकदा घरात सांगून ठेवावे.

शेवटी प्रश्न केवळ रुपयांचा नसतो. परक्या शहरात, मुलाच्या घरात राहणाऱ्या आईला कशाचीच वाण नसते. मुलगा मागेल ते आणून देतो. पण मागावे लागते, हीच तर बोच असते. नातवाच्या वाढदिवसाला त्याच्या हातात पाचशेची नोट ठेवणे, भावाला भाऊबीजेची ओवाळणी परत पाठवणे, देवळात दक्षिणा टाकणे आणि कुणाला न विचारता डोळ्यांचा डॉक्टर गाठणे, हे तिला स्वतःच्या पैशांतून करता यायला हवे. त्या पेन्शनच्या खात्याचे पासबुक तिच्याच कपाटात असावे, सही तिची असावी आणि खर्चाचा निर्णयही तिचाच असावा. ती फाइल आज संध्याकाळी दोघांनी मिळून उघडावी, म्हणजे पुढे तिला एकटीला ती उघडताना भीती वाटणार नाही.